फरशीपासून एक वीत

सकाळचं आवरून काजबाई वाटाणे सोलत बसल्या होत्या, एकाच हाताने. शेंग मांडीशी दाबायची, अंगठ्याने चिरायची, दाणे भांड्यात. उजवा हात दोन वर्षांपूर्वीच्या झटक्यापासून मांडीवर पाहुण्यासारखा पडून असायचा. काम करायचं नाही आणि हलायचंही नाही. तेवढ्यात दारावर टकटक झाली.

मुलाने यासाठीच रजा काढली होती, सूनही घरी थांबली होती. दारात मदतीच्या घंटेचा यंत्रवाला होता, खांद्याला काळी बॅग.

काजबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे. कपड्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं सदऱ्यांना काजं करून बटणं लावली, म्हणून पडलेलं. बटण कुठं बसायला हवं ते त्या पट्टी न लावता वितीने सांगायच्या, आणि दोराभर चुकलं तरी सगळा गठ्ठा उसवायला लावायच्या.

गेल्या महिन्यात त्या न्हाणीघरात घसरून पडल्या. घरात कुणी नव्हतं. शेजाऱ्यांकडे वाजणाऱ्या मदतीच्या घंटेचं बटण होतं, पण दिव्याच्या बटणाशेजारी, उभ्या माणसाच्या खांद्याएवढं उंच. सून कामावरून येईपर्यंत तीन तास त्या ओल्या फरशीवरून त्याच्याकडे बघत राहिल्या. हाड मोडलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मुलाने न्हाणीघराची आतली कडीच काढून टाकली. तेव्हापासून अंघोळ म्हणजे नुसतं लोटलेलं दार, आणि बाहेरून घटकेघटकेला, "आई, झालं का?"

"चांगलं यंत्र बसलं की कडी परत लावतो," मुलगा म्हणाला होता. त्या एका शब्दावर काजबाई महिनाभर राग गिळून बसल्या होत्या.

"आजींना नीट ऐकू येतं ना?" यंत्रवाल्याने मुलाला विचारलं.

"आजींनाच विचारा की," काजबाई म्हणाल्या.

तो हसला आणि परत मुलाकडेच बघत बोलू लागला. "हे गळ्यात घालायचं. बटण दाबलं की आमच्या केंद्रातला माणूस लगेच बोलतो, तुम्हालाही फोन येतो. फक्त अंघोळीला जाताना काढून ठेवायला सांगा. पाणी चालत नाही."

"मी पडले कुठं ते सांगितलंस का रे यांना? का मी सोफ्यावर घसरले?"

"आई, त्यांना बोलू दे ना जरा."

यंत्रवाल्याने घाईघाईने दुसरं यंत्र काढून त्यांच्या डाव्या मनगटावर बांधलं. "हे पाण्यात चालतं. अगदी घड्याळासारखं."

काजबाईंनी मनगटाकडे बघितलं, मग मांडीवरच्या उजव्या हाताकडे. "आता दाबू कशाने? नाकाने?"

सुनेला हसू आलं. तिने ते खोकल्यात लपवलं.

"मग उजव्या हातात बांधू," मुलगा म्हणाला.

"पडते मी उजव्याच अंगावर. हात खाली, वर मी."

"तर मग भिंतीवरचं घ्या," यंत्रवाला म्हणाला. "तेही पाण्यात चालतं. जुन्याच जागी बसवू, भोकं आयती आहेत."

काजबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी काठी घेतली, उठल्या आणि न्हाणीघराच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

"या इकडे. झोपा खाली."

"मी?"

"फरशी पुसलेली आहे. माझ्या वेळी नव्हती."

यंत्रवाल्याने मुलाकडे बघितलं. मुलाने खाली बघितलं. शेवटी यंत्रवाला इस्त्रीच्या सदऱ्यासकट आडवा झाला.

"उजवा हात अंगाखाली घ्या. पाय हलवायचे नाहीत. आता दाबा तुमचं बटण."

त्याने डावा हात वर ताणला. बटण हातभर वरच राहिलं.

"दाबा सावकाश. तीन तास आहेत तुमच्याकडे."

मुलाने आईचं ते महिनाभर जुनं पडणं आज पहिल्यांदा बघितल्यासारखं बघितलं.

"तिघं मिळून माझ्यासाठी बटण निवडताय," काजबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "उभ्या माणसांना काय विचारता? जी पडली तिला विचारा." त्यांनी काठीचं टोक भिंतीच्या पायथ्याला टेकवलं. "तिथं वीत लावा हो तुमची. फरशीपासून एक वीत. तिथं बसवा बटण."

यंत्रवाल्याने पडल्या पडल्याच वीत लावली आणि पेन्सिलने खूण केली.

काजबाई मुलाकडे वळल्या. "आता तुझं. बाहेरून उघडता येईल अशी कडी हवी तर तशी आण. पण मला अंघोळीला आतून कडी लावू दे."