ओल्या लाकडाची अट

धूरशास्त्रींसमोर नुसतं "आज पाऊस येणार" म्हणून चालायचं नाही. लगेच बोट वर, "हेतू?" म्हणजे, कशावरून? कॉलेजात ते तर्कशास्त्र शिकवायचे, आपलंही आणि ग्रीकांचंही. "त्यांचं अनुमान तीन पायांचं, आपलं पाच. आपल्याला उदाहरण लागतं, बाबा! तिथे धूर आहे म्हणून अग्नी आहे, जसं स्वयंपाकघर." पोरांनी नाव पाडलं ते यावरूनच.

टावर चौकातला हलवाईही सुटायचा नाही. "ताज़ी जलेबी है, पंडितजी." "हेतू?" "गरम है ना!" "गरम तो बासी भी हो जाती है, भैया." हलवाई कपाळाला हात लावायचा.

फ्रीगंजात त्यांचं घर आमच्या समोर. मध्य भारत हे राज्य मोडून नवं राज्य झालं, वडिलांचं ऑफिस भोपाळला गेलं, पण त्यांच्या बदलीचा हुकूम काही येईना. पगार अडकला. आई मात्र ताठ. शेजारी चिमूटभर साखरसुद्धा मागायची नाही.

एका सकाळी शास्त्रीबुवा पिठाचा डबा घेऊन आमच्या अंगणात उभे! आवाज वर्गातलाच, खणखणीत. "वहिनी, तुमच्याकडे हल्ली धूर दिसत नाही. म्हणजे चूल पेटत नाही. हे ठेवा, परकं समजू नका." गल्लीतल्या बायका दारात आल्या. धरणीने पोटात घ्यावं, असं मला झालं.

आई आत गेली आणि फडक्याने धरून पेटती शेगडीच बाहेर घेऊन आली. वर झाकलेलं पातेलं खदखदत होतं.

"पेटल्या कोळशाला धूर नसतो, भावजी."

शास्त्रीबुवांचा चेहरा खर्रकन उतरला. "खरंच की! धूर ओल्या लाकडाचा. अग्नी असला म्हणजे धूर असेलच असं नाही. पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतो मी हे!" डबा उचलून ते खाली मानेने परत गेले. पुढे वर्गात चुकीचं अनुमान शिकवताना "जसा मी" म्हणायचे, आणि पोरं हसायची.

अखेर हुकूम आला. आम्हाला पोचवायला ते स्टेशनवर आले आणि सगळ्यांदेखत त्यांनी आईसमोर हात जोडले. "वहिनी, माफ करा. भरल्या घराला उपाशी म्हणालो."

आईने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं, नुसती मान हलवली. गाडी सुटली तशी पदरात तोंड घालून रडली. त्या म्हाताऱ्याचे जोडलेले हात आठवले की शरमेने अजून माझी मान वर होत नाही.

त्या पातेल्यात नुसतं पाणी होतं.