भाचीचा मुहूर्त आणि मुंब्र्याचा चढ

लोक हिमालय ओलांडतात आणि पुस्तकं लिहितात. मी मानपाड्याहून ठाण्याला गेलो, तेही माझ्या ऑटोमॅटिक गाडीतून. तेव्हा मोठा प्रवासी कोण, ते वाचकांनीच ठरवावं. मीटरवरच्या आकड्यानुसार ही गाडी चंद्राच्या अर्ध्या वाटेवर पोचलेली आहे. हल्ली तिला एक खोड लागली होती. तापली की गिअर मध्येच सुटायचा. इंजिन वाघासारखं डरकाळ्या फोडणार आणि चाकं गोगलगायीला लाजवणार. मेकॅनिककडे नेली की मात्र सुतासारखी सरळ!

तरीही भाची मानसी हिला लग्नाच्या हॉलवर मीच नेणार, हा माझा हट्ट. आमच्यात नवरीला बोहल्यावर मामा नेतो. मेहुणे म्हणाले, "भाड्याची गाडी सांगतो."

मी म्हटलं, "मामा जिवंत असताना?"

काटई नाक्यापर्यंत गाडी राजहंसासारखी गेली. शिळफाट्याच्या कोंडीत तापली आणि मी पाय दाबला तशी जागेवरच गरजायला लागली. मागच्या टेम्पोंनी हॉर्नची आरती सुरू केली. चौघे धावत आले आणि ढकलू लागले.

"काका, सेकंडला टाका, क्लच सोडा!"

"क्लच नाहीच यात!"

"मग चालवता कशी?"

प्रश्न बिनतोड होता. गाडी कडेला लागली. तिथे टोपली घेऊन बसलेली ताडगोळेवाली हसली. "दादूस (दादा), गारी (गाडी) दमली रं. बसू दे तिला जरा."

मग आम्हीही बसलो. शालूतली नवरी, मुंडावळ्या मागे सारून ताडगोळे खात होती. पाणी हनुवटीवरून ओघळत होतं. बायको कासावीस झाली. "अहो, रिक्षा बघा. मुहूर्त दुपारचा आहे, उद्याचा नाही."

"मामी, थांब," मानसी म्हणाली. "मामा, मुहूर्त टळला तर सासूबाई जन्मभर ऐकवतील. तरी मी याच गाडीतून उतरणार. फक्त पाय हळू ठेवा. तुम्ही नेहमी कुणाला तरी हरवायला निघाल्यासारखं दाबता."

हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे बायको रोज सांगते, पण ते वेगळं.

मुंब्रा बायपासचा चढ आला. एसी बंद केला, गिअर खालच्या खुणेवर ओढला आणि पेडलखाली अंडं ठेवल्यासारखा पाय टेकवला. ट्रक गेले, सायकल गेली. छत्रीवाले एक आजोबा चालत पुढे गेले आणि वळून त्यांनी मला नमस्कार केला. मध्येच गिअर सुटला. पाय दाबायला शिवशिवत होता. मी दात आवळून उचलला. इंजिन शांत झालं, हलका धक्का बसला, गाडीनं पुन्हा रस्ता धरला. माथ्यावर आम्ही तिघांनी असा मोरया केला, की खाली खाडीतले बगळे उडाले.

हॉलच्या दारात गुरुजी ओरडत होते, "नवरीचे मामा कुठे आहेत?" मी गाडी तशीच सोडली, मानसीला उचललं आणि वाऱ्यासारखा बोहल्यावर पोचलो. (मानसी म्हणते, ती चालत आली आणि मीच तिच्या खांद्याला धरून धापा टाकत होतो. नवऱ्या मुलींना अशा वेळी नीट आठवत नाही.) अंतरपाट धरला गेला. मुहूर्त साधला.

पाठवणीनंतर आम्ही दोघं परत निघालो. मागची सीट रिकामी होती. तिच्यावर चार अक्षता आणि ताडगोळ्याचं एक साल होतं. प्रवासात माणूस जाताना जेवढं घेऊन जातो, तेवढं परत आणत नाही, हे मला मुंब्र्याच्या उतारावर समजलं. उतारावर गाडी छान चालली, कोणतीही चालते.

शिळफाट्याला पुन्हा तेच. ताडगोळेवालीनं आम्हाला पाहताच टोपली पुढे सरकवली. तेवढ्यात फोन वाजला.

"मामा, घरी पोचलात?" मानसी.

"कधीच! ऐंशीनं आलो!"

"मग मागे हॉर्न कसले वाजतायत?"

"टीव्ही," मी म्हणालो.

ती हसली. "बरं. पाय हळू ठेवा."

मी ताडगोळे संपवले, गाडीला आणखी थोडं बसू दिलं आणि मग पाय हळू ठेवला.