पळसाचा काढा

माझ्या संशोधनासाठी मुर्री गावचा एक वृद्ध रोज पळसफुले आणून देई. काळवंडलेली पाकळी तो नखाने खुडून टाकी. फुलांतल्या द्रव्याने कर्करोगाच्या पेशी मरतात, हे त्याने आमच्या प्रयोगशाळेत ऐकले होते. एके दिवशी तो म्हणाला, "बायकोच्या गाठीचं नागपूरचं औषध बंद केलं. याचाच काढा देऊन राहिलो."

मी हादरले. "काका, त्या पेशी काचेच्या बशीत मेल्या. माणसात नाही."

"बशीत मरते, मंग पोटात काऊन नाई मरणार?"

"बशीत मिठानेही मरतात. मिठाने गाठ बरी होते का?"

तो टोपली चाचपत राहिला. "मंग तू हे फुलं कायले जमवून राहिली, बाई?"

माणसात हे चालते का, याचेच उत्तर मी शोधत होते; ते मिळायला वर्षे लागणार होती. त्याच्या बायकोपाशी तेवढा वेळ नव्हता. "आधी काकूंना नागपूरला न्या," मी म्हणाले.

टोपली खाली ठेवून त्याने विचारले, "सकाळची गाडी किती वाजता हाय?"