माय कशावरून?

मोठमायला कुणी काही विचारलं, की ती उत्तराआधी उलटा सवाल टाकी. "कुठं चालली?" म्हटलं, की "तुले काहून पायजे?" माझ्या वडिलांची ही थोरली वहिनी. आसेगावात तिच्या वाटेला जायची कुणाची टाप नव्हती. ग्रामसेवकसुद्धा तिच्याशी दोन पावलं लांबूनच बोले.

तिचा एकुलता एक मुलगा, माझा मधूदादा, शिष्यवृत्तीवर परदेशात गेला आणि तिथंच नोकरीला लागला. देशाचं नाव मी लिहीत नाही. एवढी वर्षं झाली, तरी नुसत्या नावानं डोकं फिरतं. आणीबाणीच्या आदल्या वर्षी दादाला रक्ताचा कॅन्सर निघाला. मायनं लवकर यावं, असं त्यानं दवाखान्यातून लिहिलं. मोठमायचा पासपोर्ट त्यानं आधीच काढायला लावला होता, तिकीट त्याच्या मित्रांनी पाठवलं. राहिला फक्त व्हिसा. "फक्त" म्हणालो खरा!

मी तेव्हा कारंज्याला मास्तर. रजा टाकली आणि तिला घेऊन मुंबईला वकिलातीच्या कचेरीत गेलो. खिडकीमागचा कारकून आपल्याकडचाच, पण ऐट साहेबाची. "ये आपका लडका है, इसका सबूत?" मी वाट बघत होतो, आता ही उलटं विचारणार. तिनं हात जोडले. "हव साहेब, माह्याच पोटचा हाय." तिला असं नमतं घेताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला त्या माणसाची चीड आली आणि थोडी तिचीही.

सबूत आणायचा कुठून? दादाच्या दाखल्यावर त्याचं नाव, बापाचं नाव, आडनाव. आपल्याकडे आईचं नाव लिहितो कोण? गावचं कोतवाल बुक काढलं, तर त्यात 'गोविंदा यास मुलगा झाला'. म्हणजे बाळंतपण जणू मोठ्या बाबांचंच! आणि ते वारून सहा वर्षं झालेली. मोठमायच्या पासपोर्टवर 'गोविंदाची पत्नी'. कारकून म्हणाला, "पत्नी आहेत हे दिसतं. आई आहेत हे कुठं दिसतं? दुसरी बायको असेल तर?" दादाची पत्रं पुढं केली. सगळ्यांवर 'प्रिय माय'. "यातली माय म्हणजे याच, कशावरून?" मी शिव्या गिळल्या. गिळायला नको होत्या.

सरपंचाचा दाखला नेला, तर म्हणे तहसीलचा आणा. तहसीलचा नेला, तर म्हणे इंग्रजीत आणा. चौथ्या खेपेला स्टँडवर पाहतो तो मोठमायच्या शेजारी गावची म्हातारी सुईण, हातात पिशवी. "हिनंच मधूची नाळ कापली," मोठमाय म्हणाली. "कागदाचं खरं वाटत नाई, तं साहेब हिले इचारीन." मी डोक्याला हात लावला, पण नाही म्हणवेना. वकिलातीच्या दारावर शिपायानं सुईणीला अडवलं. आत सोडायला तिच्याकडे काहीच कागद नव्हता. बिचारी दिवसभर फुटपाथवर बसून राहिली. आत आम्हाला सांगण्यात आलं, "कळवू."

त्यांनी कळवलं नाही. कळवलं ते दादाच्या मित्रांनी, तारेनं.

दोनेक महिन्यांनी तिकडून दादाच्या मृत्यूचा दाखला आला. मी तो मोठमायला वाचून दाखवत होतो. नाव, वय, बापाचं नाव. पुढच्या ओळीत आईचं नाव होतं. सखूबाई, आडनावासकट, टाइप केलेलं. भरती होताना दादानंच सांगितलं असणार. मी वाचता वाचता अडखळलो. तिनं विचारलं, मी ओळीवर बोट ठेवून सांगितलं. तिला अक्षर येत नव्हतं, तरी ती बराच वेळ तिथं पाहत राहिली.

माझं मात्र टाळकंच सटकलं. तसाच उठलो, पायात चपला सरकवल्या. तो कागद मुंबईला नेऊन त्या खिडकीतल्या माणसाच्या नाकासमोर धरायचा होता. मोठमायनं कागद माझ्या हातातून काढून घेतला.

"राह्यू दे, बापू," ती म्हणाली. "तिकडं आता माह्यं कोनी नाई राह्यलं."