गोदामाच्या जागेवरची कोपऱ्यातली खोली

तुळजाबाईला मी कधी गप्प बसलेलं पाहिलं नाही. माझ्या हॉटेलात ती कपबशा विसळायची, आणि ऐकायला माणूस नसलं की कपांशी बोलायची. गिऱ्हाइकं हसायची. मी त्यांना एकदोनदा झापलंही. ज्याच्या घरी बोलायला माणूस आहे त्याचं हसायला काय जातं?

ती नेकनूरकडची. नवरा उत्तरेश्वर होता तोवर दोघं दरसाल दसरा झाला की घराला कुलूप घालून साखर कारखान्याच्या उसाला जायची. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उत्तरेश्वर गेला, पोटी लेकरू नाही, आणि तुळजाबाई अर्धा कोयता झाली. अर्ध्या कोयत्याला मुकादम टोळीत घेत नाही. टोळ्या गेल्यावर गावात म्हातारीकोतारी आणि कुत्री तेवढी उरायची. एक हिवाळा तिनं तसा काढला आणि आमच्या तालुक्याच्या गावी निघून आली. इथं भर पेठेत, नगरपालिकेसमोर, बुडालेल्या खरेदी-विक्री संघाचं गोदाम होतं. त्याच्या पत्र्याखाली राहायची.

मग दुष्काळाचं ते साल आलं. कारखान्यावरून परतलेल्या टोळ्या, गावी प्यायला पाणी नाही म्हणून, थेट गोदामाच्या मैदानात पालं ठोकून उतरल्या. टँकर तिथंच यायचा. त्या पालांचा पेठेला त्रास झाला, तुळजाबाईला मात्र सण झाला. कुणाचं लेकरू काखेला घे, कुणाच्या भाकरी थाप, कुणाचं भांडण सोडव. सगळ्यांची मावशी झाली. त्या उन्हाळ्यात माझ्या कपबशा काही धड निघाल्या नाहीत, पण मी बोललो नाही.

वैशाखातच पालिकेच्या सभेत विषय निघाला, पालिकेच्या ताब्यात आलेल्या गोदामाच्या जागेवर काय बांधायचं. नगरसेवक मोहनरावांना दुकानांचे गाळे हवे होते. नगराध्यक्ष भगवानराव म्हणत होते, पालिकेच्या पैशातून स्वस्त भाड्याच्या खोल्या बांधू आणि या पालांतल्या माणसांना देऊ. मी सभेत चहा घेऊन गेलो होतो, तुळजाबाई कपबशांची बादली घेऊन मागं.

"भर पेठेत असल्या लोकायला खोल्या?" मोहनराव म्हणाले. "द्यायच्याच तर गावाबाहेर माळावर द्या."

तुळजाबाईनं बादली खाली ठेवली. "साहेब, माळावर कावून? हितं मानसाचा आवाज तरी हाय. ह्यांना हितंच ऱ्हाऊ द्या, आन मला त्यांच्यात एक कोपरा द्या. एकटीला लई भ्या वाटतंय."

"अर्ध्या कोयत्याला पुरी खोली?" मागून कुणीतरी म्हणालं आणि सभा हसली. भगवानराव हसले नाहीत. ठराव पडता पडता पास झाला, आणि जिन्याखालची कोपऱ्यातली खोली तुळजाबाईला मिळाली.

पाऊस पडताच पालं आपापल्या गावी गेली, आणि बांधकामात पुढचं वर्ष गेलं. आषाढात सगळे राहायला आले. नळावर भांडणं, ओट्यावर निवडणंटिपणं, आणि मावशीच्या दाराशी दिवसभर ये-जा. ती माझ्याकडे यायची बंद झाली. "आप्पा, आता मला सवड न्हाई," म्हणाली. मला बरं वाटलं, आणि हॉटेलात जरा सुनंही वाटलं.

दसरा झाला. मुकादम त्रिंबकचे ट्रॅक्टर पेठेत येऊन उभे राहिले. पोती, भांडी, कोंबड्या, लेकरं वर चढू लागली. खोली मिळाली म्हणून पोट थोडंच भरतं? हे भगवानरावांच्या ध्यानात आलं नव्हतं, माझ्या नव्हतं, आणि जिनं उभी हयात दसऱ्याला घराला कुलूप घातलं तिच्याही नव्हतं. उन्हाळ्यात ठराव करणाऱ्याला उन्हाळाच दिसतो.

तुळजाबाई जुना कोयता घेऊन ट्रॅक्टरपाशी आली. "त्रिंबक, मला घे बाबा. लेकरं सांभाळीन, भाकरी थापीन. पैका नगं."

त्रिंबकचं मन वळत आलं होतं. तेवढ्यात ट्रॉलीतून शेजारच्या खोलीतली सावित्रीबाई म्हणाली, "मावशे, तूच आलीस तर घरावर ध्यान कोन ठिवील? चाव्या कुनापाशी द्याव्या? तू हायेस म्हनून तर आमी बिनघोर चाललो."

तिच्या मनात वाईट काही नव्हतं, मायाच होती. एकेक बाई खाली उतरली आणि आपली चावी मावशीच्या पदरात टाकून गेली. मावशीनं कोयता भिंतीला टेकवला आणि दोन्ही हातांनी पदर धरला. ट्रॅक्टर निघून गेले.

मी म्हणालो, "कपबशा हायेत की, ये." ती आली नाही. चाव्या सोडून कुठं जाणार?

रोज दिवेलागणीला मला गल्ल्यावरून दिसायचं. एका खोलीत दिवा लागायचा, जरा वेळानं मालवायचा, मग शेजारच्या खोलीत लागायचा. झाडलोट करत असेल, असं मी धरून चाललो होतो. एकदा चहा घेऊन गेलो, तर ती सावित्रीबाईच्या रिकाम्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी. हातात झाडू नव्हता.

"काय करायलीस गं?"

"काय न्हाई, आप्पा," ती म्हणाली. "समद्यांना इचारायले, जेवलात का."