होडीतले दोघे

नववीत असताना मला या जगात फक्त एक गोष्ट हवी होती. आमच्या वर्गातल्या पत्र्याच्या पेटीची किल्ली. हसायचं तर खुशाल हसा. ज्यांच्या घरात पुस्तकांचं कपाट असतं त्यांना हसू येणारच, आणि त्यांच्यावरही मी जळते, ते वेगळं.

पेटी मराठीच्या बाईंची होती. शाळेचं वाचनालय म्हणजे कुलूप लावलेली खोली, तिच्यात मोडके बाक. म्हणून बाईंनी ओळखीपाळखीतून जुनी पुस्तकं गोळा करून ती या पेटीत भरली आणि पेटी वर्गाच्या कोपऱ्यात ठेवली. नियम त्यांचाच. एक पुस्तक दोघांनी वाचायचं. एका शनिवारी पहिल्याने फळ्यापाशी उभं राहून ते तोंडी सांगायचं, पुढच्या शनिवारी दुसऱ्याने तेच पुस्तक पुन्हा सांगायचं. "पहिल्याने थापा मारल्या तर दुसरा पकडेल," बाई म्हणायच्या. आणि वर्षाच्या शेवटी ज्याचं सांगणं वर्गाला सगळ्यांत जास्त आवडेल, त्याच्या घरी मेच्या सुट्टीभर पेटी. अख्खी पेटी, किल्लीसकट!

आमचं घर भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकमध्ये, वन रूम किचन. वाचण्यासारखं म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर आणि माझी पाठ्यपुस्तकं. ती मी जून सरायच्या आत वाचून संपवायचे, मग मोठ्या कादंबरीतून कापून घेतलेल्या धड्यांवर चरफडत बसायचे. ऐन रंगात आल्यावर धडा संपतो आणि खाली 'स्वमत लिहा' असा प्रश्न. स्वमत आम्ही सगळे गाइडमधून पाठ करायचो. माझं पाठांतर चांगलं, त्यामुळे माझ्या स्वमताला पैकीच्या पैकी मार्क. आई शेजारणींना सांगायची, "हिचं मराठी एकदम शुद्ध हं, आम्ही मूळचे गिरगावचे ना." आणि लगेच खिडकीतून भाजीवाल्याला ओरडायची, "भैया, मेथी कैसा दिया?"

तर किल्ली माझीच होती. सगळा वर्ग धरून चालला होता. मीही.

आणि कुठून टपकली कोण जाणे, ती आली. उत्तनकडच्या तारोडी गावची. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये मावशीकडे राहायला आलेली, नववीपासून आमच्या वर्गात, आणि नेमकी माझ्याच बाकावर. लांब वेणी, मोठा आवाज, तोंड उघडलं की हाय आणि न्हाय. पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, "पुस्तकं वाचतेस का?" ही म्हणाली, "न्हाय बाई. झोप येते." वर्ग खिदळला. मीही खिदळले, जरा जास्तच.

पण बाई हसल्या त्या कौतुकाने. ते मला तेव्हाच टोचलं. तिच्या स्वमताच्या उत्तरांनाही मार्क कमी पडायचे, पण बाई तीच उत्तरं वर्गात वाचून दाखवायच्या. माझी पैकीच्या पैकीवाली कधी वाचली? एकदाही नाही.

डिसेंबरात पेटीतलं एक पुस्तक माझ्या वाट्याला आलं. मुखपृष्ठ गेलेलं, लेखकाचं नाव गेलेलं, वरून खाकी कागद. जुनी कादंबरी. नदीकाठचं एक गाव, एक नवरा-बायको, आणि त्यांची पल्याड दिलेली लेक. लेकीला सासरी जाच आहे असा निरोप येतो. बाप नावाड्याला गयावया करून होडीत बसतो आणि तिला आणायला जातो. मागे पाणी चढतं. आई तीरावर उभी. मी ते पुस्तक एका बैठकीत वाचलं. माझी आई जेवायला हाका मारून थकली. आणि शेवटच्या पानावर आले तर, 'धुक्यातून होडी दिसू लागली. होडीत दोघे होते. त्यातला एक' आणि पुढे खाकी कागद. पुढची पानंच नाहीत! मी पुस्तक उलटंपालटं केलं, झटकलं, शिवण उसवून पाहिली. काही नाही.

शनिवारी मी सांगितलं. कसं सांगितलं म्हणून सांगू! बापाचं बोलणं, सासूचा आवाज, नदीचं वर्णन तर शब्दन् शब्द पाठ. पोरं पुढे झुकून ऐकत होती. आणि शेवटाला येऊन मी खरं काय ते सांगून टाकलं, "बाई, पुढची पानं फाटलीत." अख्खा वर्ग "शीऽऽ" करून ओरडला. जणू मीच फाडली. कोणीतरी मागून म्हणालं, "फुकट घालवला यार शनिवार." मी जागेवर येऊन बसले तेव्हा कान तापले होते. पण मनात म्हटलं, असू दे. पुढच्या शनिवारी ही काय दिवे लावणार? पानं तिलाही तेवढीच.

कारण दुसरी पाळी तिची होती.

ती उभी राहिली. सुरुवात इतकी वाईट की मला आतून गुदगुल्या होत होत्या. नावं विसरली, लेकीच्या गावाला भलतंच नाव दिलं, नदीचं वर्णन गाळून "पानी लय होता" एवढ्यात उरकलं. पोरं चुळबुळ करायला लागली. मग ती होडीपाशी आली आणि थांबली. मला वाटलं, आता म्हणेल पानं नाहीत.

ती म्हणाली, "त्या आईनं बघितला, होरीत दोन मानसं. आता दोन म्हंजे कोन? एक तर वल्हवनारा. तो धरलाच पायजे, होरी काय आपली आपन येते? मंग राहिला एक. म्हंजे गेलेला नवरा नी आनायची पोर, दोघांतला एकच आला."

अख्खी कादंबरी मला तोंडपाठ, आणि नावाडी मी मोजलाच नव्हता.

"तिला ते समजला," ती पुढे सांगू लागली. "पन कोन आला ते अजून दिसत न्हवता, धुका होता. तवा तिनं पाठ फिरवली. आमच्या घरात आजी सांगते, होरी यायला उशीर झाला तर बंदरावर उभं राहून मानसं मोजायची न्हायत. घरी जायचा नी सगल्यांचा भात टाकायचा. ती घरी गेली. तिघांचा भात टाकला. तीन ताटं मांडली. दार उघडा ठेवला. मंग अंगनात पावलं वाजली. एकाचीच. ती वळली न्हाय. चुलीकडं बघतच म्हनाली, भात होतोय."

संपलं. ती येऊन माझ्या शेजारी बसलीसुद्धा, आणि बाई तशाच खिडकीकडे तोंड करून उभ्या. माझ्या पुढच्या बाकावरची मुलगी मुसमुसत होती. मलाही रडू येत होतं, आणि त्याचाच मला सगळ्यांत जास्त राग आला. मी ताडकन उभी राहिले.

"बाई, ही खोटं सांगतेय! पुस्तकात असं काहीच नाहीये! पानं फाटलीयेत!"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. ती बसल्या जागेवरून, अगदी साधं, मला समजावत असल्यासारखी म्हणाली, "मग काय करू गो? त्या बाईला तशीच उभी ठेवू काय पान्यात?"

वर्ग हसला. या खेपेला माझ्यावर. नियमाप्रमाणे थाप पकडली मी, आणि तोंडघशीही मीच पडले. ह्याला म्हणतात नशीब.

मार्चमध्ये बाईंनी हात वर करायला सांगितले. हात मोजायची गरजच पडली नाही. किल्ली तिला मिळाली. बाईंनी ती लाल दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात घातली तेव्हा ती म्हणाली, "बाई, एवढी मोठी पेटी ठेवू कुठं?" माझा नुसता तिळपापड झाला. ठेवू कुठं म्हणे! मी ती पेटी उशाशी घेऊन झोपले असते.

एप्रिल मी कसाबसा काढला. मे महिन्यात नाही राहवलं, गेले तिच्या मावशीकडे. एखादं पुस्तक मागावं, एवढंच मनात. दार तिनेच उघडलं. पेटी गॅलरीत होती. तिच्यावर जुनी साडी अंथरून पोह्याचे पापड वाळत घातलेले. किल्ली खिळ्याला, लाल दोऱ्यासकट, जशी वर्गातून आणली तशी.

"एक तरी वाचलंस का?" मी विचारलं.

"वेल कुठं हाय?" ती म्हणाली. "मावशीचे पापड, नी दुपारी झोप येते." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "तुला पायजे काय? अख्खी घेऊन जा गो तुझ्याकडं. मला न्हाय तरी अडचनच होते. थांब, पापड काढते." आणि खरंच पापड उचलायला लागली.

वर्षभर मी ज्या पेटीसाठी जीव टाकला, ती समोर होती, आणि न्यायला दोन जिने उतरायचे होते. मी काय केलं असेल? म्हटलं, "नको. मी सहज आले होते." दान म्हणून नको होती ना मला! जिंकून हवी होती. आणि ती तर अडगळ काढावी तशी देत होती. घरी येऊन मी मोरीत नळ सोडून रडले. आई बाहेरून ओरडत राहिली, "अगं पाणी जाईल, कपडे व्हायचेत अजून!" त्या सुट्टीत मी कॅलेंडरच्या मागचं राशिभविष्य आणि उपवासाचे पदार्थ वाचले. खोटं नाही सांगत.

दहावीनंतर ती तारोडीला परत गेली आणि सुटले एकदाची असं मला वाटलं. कुठलं सुटतेय? आता मी मराठी घेऊन बीएला आहे. पुस्तकं हवी तेवढी मिळतात. पण कोणतीही कादंबरी संपत आली की माझं मन आगाऊपणा करतं. हिने हा शेवट कसा केला असता? लेखक कितीही मोठा असो, मला वाटतं, तिचा बरा झाला असता. दुसऱ्याच्या डोक्यावर जळणं हे दुसऱ्याच्या कपड्यांवर जळण्यापेक्षा फार वाईट. कपडे निदान मागून तरी घालता येतात.

मध्यंतरी कॉलेजच्या लायब्ररीत मागच्या फडताळात एक जाडसर पुस्तक सहज उघडलं आणि पहिल्याच वाक्याला थबकले. तीच कादंबरी! पूर्ण. मी उभ्याउभ्या शेवट काढला. 'त्यातला एक तिचा पती होता आणि दुसरी तिची लाडकी लेक.' तिघं गळ्यात पडून रडतात. नंतर दीड पान लेखक मुलींना कसं वागवावं त्याचा उपदेश करतो. समाप्त. आणि होडी कोण वल्हवत होतं? बापाला वल्हं धरता येत नाही, हे त्याच लेखकाने आधी रंगवून रंगवून सांगितलंय! छापील पुस्तकाचा लेखक नावाडी विसरला. मला आधी हसू फुटलं आणि मग इतका मत्सर वाटला की पुस्तक तिथेच आपटावंसं वाटलं. तरी घेतलं. म्हटलं, भेटली कधी तर दाखवीन तिला, तुझा शेवट चूक होता. छापील पुरावाच आहे.

आणि भेटली. मी भाईंदर पश्चिमेला आईचे ब्लाउज शिंप्याकडून आणायला गेले होते, ती उत्तनच्या बसच्या रांगेत उभी. तीच वेणी, तोच आवाज. नर्सिंगचं करतेय म्हणाली, दमतेय म्हणाली, "तू अजून वाचत असतेस का गो?" म्हणाली. पुस्तक मी तेव्हापासून पिशवीतच वागवत होते, ते काढलं.

"आठवतंय?"

तिने उलटंसुलटं करून पाहिलं. "कसला हाय?"

"अगं, होडीतले दोघे! तू शेवट सांगितला होतास. मी ओरडले होते तुझ्यावर!"

"आठवत न्हाय गो." अगदी निर्मळपणे म्हणाली. "तू ओरडायचीस मातर, ते आठवतंय."

आता याला काय म्हणावं? इतकी वर्षं ज्याच्यावर मी जळतेय ते हिच्या गावीही नाही! म्हटलं, ऐक. आणि तिथेच रांगेत उभी राहून मी तिला तिचाच शेवट सांगितला. दोन माणसं. एक वल्हवणारा. धुकं. आजीची रीत. तिघांचा भात, तीन ताटं, एकाचीच पावलं. एक शब्द इकडचा तिकडे न करता. छापील शेवट सांगायचा होता, तो राहूनच गेला. मागे उभ्या असलेल्या एका बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि ऐकायला पुढे सरकल्या.

"भात होतोय," मी म्हटलं आणि थांबले.

तिचे डोळे भरले होते. तिने ओढणीने नाक पुसलं. "आजी असाच म्हनायची," ती म्हणाली. आणि मग, "काय भारी रचलंस गो! तू लिहितेस काय?"

'हो' जिभेच्या टोकावर आलं होतं. शपथेवर सांगते. एक 'हो' म्हटलं असतं की त्या शनिवारचं सगळं फिटलं असतं. पण नाही जमलं. "अगं बाई, तुझं आहे हे," मी म्हटलं. "तूच सांगितलं होतंस वर्गात."

"चल गो! मला कुठं येतंय असला." ती मोठ्याने हसली. बस लागली, रांग हलली, ती चढली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडली, "आनि माझा असेल तरी मला काय करायचाय? तूच घेऊन टाक. लिही मस्तपैकी!"

पापड उचलताना होता तोच आवाज. पण या खेपेला मी नको म्हटलं नाही.