फक्कीची रेघ

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितली नाही, कारण ती घडली तेव्हा ते नव्हते. मुलाला सांगितली नाही, कारण तो म्हणेल, "आई, त्यात काय एवढं?" आणि मला नेमकं तेच ऐकायचं नाहीये. कमलला तर नाहीच नाही. तुम्ही तिऱ्हाईत आहात, म्हणून तुमच्यापाशी बसते आहे. मध्ये अडखळेन, सांभाळून घ्या. मनातल्या मनात मी ही गोष्ट पुष्कळदा सुरू केली, आणि दर वेळी नको तिथं आली की दुसरीकडेच वळवली. वळवण्यात माझा हात चांगला बसलेला आहे — ते पुढं कळेलच.

आधी माझ्याविषयी. मी अंगणवाडी सेविका होते. आमचं गाव नेवासे तालुक्यात, सोनईच्या अंगाला. काळी जमीन, चहूकडे ऊस, आणि पावसाळ्यात चिखल असा, की चप्पल पायात घालण्यापेक्षा हातात घेतलेली बरी. आज गावातून मोटारसायकली उडवत जाणाऱ्या पोरांची नाकं मी पुसली आहेत. आत्ताचा सरपंच माझ्याच खिचडीवर वाढला. सगळं गाव मला नुसतं "बाई" म्हणतं. सासू-सुनेचं वाजलं, बाईंना विचारा. नळावर भांडण झालं, बाईंना बोलवा. बांधाच्या भांडणात मात्र मला कोणी बोलावत नसे, तिथं पुरुष लागतात. पण बाकी सगळीकडे माझा शब्द चालायचा, आणि मला ते आवडायचं. फार आवडायचं. खोटं कशाला बोलू?

कमल माझी मदतनीस. विहाराकडच्या आळीतली. आमची गल्ली उतरत उतरत जिथं संपते, तिथं तिचं घर. नवरा कारखान्यावर कामाला होता, तो लवकर गेला. एकुलती लेक तिनं एकटीनं वाढवली. वयानं ती माझ्याहून मोठी. तरी ती मला "अहो बाई" म्हणायची आणि मी तिला "अगं कमल". ह्यात काही खटकण्यासारखं आहे, हे माझ्या कधी ध्यानातही आलं नाही. उलट मी स्वतःला मोठ्या मनाची समजत होते. तिच्या डब्यातली भाकरी खायची, आणि घरी आल्यावर, चार माणसं बसलेली असली की मुद्दाम सांगायची — आज कमलच्या हातची भाकरी खाल्ली, काय सुरेख करते! तीही माझ्या डब्यातलं खायची. ती घरी जाऊन कोणाला सांगत असेल का?

आता ओघळ. आमच्या घराच्या कडेनं एक ओघळ होता. पाऊस झाला की वरच्या रानातलं पाणी त्यातून सरळ ओढ्याला जायचं. अंगणवाडी ओघळाच्या पलीकडे. पाणी वाहत असलं की कमल लुगडं खोचून मधोमध उभी राहायची. मी अलीकडून एकेक मूल तिच्या हातात द्यायचे आणि ती ते पलीकडे ठेवायची. गुडघाभर पाण्यात, हसत. पोरांना त्याची एवढी गंमत वाटायची की काही चुकार पोरं पावसाच्या दिवशीच हजर राहायची.

तो ओघळ आमच्या ह्यांनी बुजवला. एकदम नाही. घर बांधून उरलेला मुरूम, पडक्या गोठ्याची माती, दगडगोटे — दर उन्हाळ्यात थोडं थोडं. मधली काही वर्षं पाऊसही बेताचाच झाला. ओघळ कोरडा पडला आणि नव्या माणसांना तिथं ओघळ होता हेही माहीत राहिलं नाही. मग घोडेगावच्या बाजारात म्हैस विकली आणि ह्यांनी त्यावर भिंत घातली. आत दोन नारळ लावले, मोटारसायकलीला पत्र्याचं छप्पर केलं. जागा ग्रामपंचायतीची आहे, हे आम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. मग जुन्या माणसांनी हरकत कशी घेतली नाही? आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, अशी म्हण आहे. पण आमच्या गल्लीत प्रत्येकाचाच ओटा रस्त्यात आलेला, त्यामुळे कोणी वाकूनही पाहत नाही.

भिंतीवर पाणी मारणं चालू होतं, तेवढ्यात ते गेले. भिंत हे त्यांच्या हातचं शेवटचं काम. हे मी सांगायला नको होतं बहुतेक — तुम्हाला वाटेल, ही पदर पसरते आहे. नाही. असं झालं, एवढंच.

पुढं गटाराचं काम निघालं. ते आम्ही बायकांनीच लावून धरलं होतं. उघड्यावरचं सांडपाणी, डास, घरटी ताप. ग्रामसभेत कमल पहिल्यांदा उठून बोलली, तेव्हा तिचा आवाज कापत होता आणि मी मागून तिच्या पाठीवर हात ठेवला होता. पंचायतीनं ऐकलं. बंदिस्त गटार मंजूर झालं. आम्ही दोघींनी त्या दिवशी अंगणवाडीत शिरा केला.

आमच्या गावात एक रीत आहे. रस्ता असो, नळ असो, गटार असो, काम सुरू करण्याआधी सगळ्यांनी मिळून त्या वाटेनं चालायचं. सरपंच, ग्रामसेवक, तालुक्याचे साहेब आणि गल्लीतली माणसं. आणि काम जिथून जाणार, तिथं फक्की टाकायची — चुन्याची पांढरी भुकटी असते ना, मैदानावर रेघा मारतात ती. पण ती सरपंचानं टाकायची नाही की साहेबानंही नाही. गल्लीनं आपल्यातलं एक माणूस निवडायचं आणि त्यानं टाकायची. फार मागं एका रस्त्यावरून डोकी फुटली होती, तेव्हापासून हे ठरलं. कोणाला काही बोलायचं असेल तर फक्की पडत असतानाच बोलायचं. एकदा रेघ पडली की पडली. ती पायानं पुसणारा माणूस गावाच्या मनातून उतरला.

माझं नाव कमलनंच घेतलं. "बाईंनाच टाकू द्या. बाई कुनाचं वाईट करायच्या न्हाईत."

कोणी दुसरं नावही काढलं नाही.

माझ्या मनात आधीपासून काही नव्हतं, ऐन वेळी सुचलं — असं मी नंतर कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे आदल्या दिवशी दुपारी, गल्ली निजलेली असताना, मी त्या वाटेनं चालून पाहिलं होतं. कमरेवर घमेलं आहे असं समजून, हात हलवत. भिंतीच्या अलीकडे कुठं वळलं म्हणजे ते वळण साहजिक दिसेल, ते पाहत होते. आता मला सांगा, हे ऐन वेळी सुचणं असतं का?

फेरीच्या दिवशी घमेलं त्या वेळच्या सरपंचानं स्वतः उचलून माझ्या कमरेवर दिलं. दुसरं घमेलं घेऊन कमल माझ्या मागं. वरून रेघ सरळ आली. बायका हसत होत्या, कोणी म्हणालं, बाईंचा हात रांगोळीचा आहे. आणि माझी भिंत आली. साहेबांनी जमिनीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि विचारलं, "इथून पूर्वी पाणी वाहत होतं का हो? उतार तसा दिसतोय."

मी म्हणाले, "छे! पाणी खालच्या अंगानं जायचं. ह्या कमलच्या दारावरून."

किती सहज आलं ते तोंडातून! आणि कमलचं नाव घ्यायची काही गरज होती का? नुसतं "खालून" म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण नाव घेतलं की खोटं जास्त खरं वाटतं.

कमलनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. रागानं तर अजिबात नाही. मी काहीतरी विसरले आहे आणि आत्ता मला आठवेल, अशा नजरेनं. अंगणवाडीत मी एखाद्या पोराचं नाव चुकीचं घेतलं की ती अशीच थांबायची. बोलायची वेळ तीच होती. रीतच तशी होती. सगळे उभे होते, फक्की माझ्या मुठीत होती. तिनं घमेलं एका हातावर पेललं, पदर डोक्यावर नीट घेतला आणि म्हणाली, "बाई म्हंत्यात तर आसंल."

साहेब म्हणाले, उतार जरा कमी पडेल, पण नळी मोठी घालू. जुनी माणसं आपापल्या ओट्यांकडे बघत उभी होती. सरपंच म्हणाला, बाई बोलल्या, विषय संपला. आणि मी मूठ उघडली. काय झोकदार वळण घेतलं मी! बघत राहावं असं.

ती का गप्प राहिली? हे तुम्ही विचारालच. भरल्या गल्लीत सेविकेला खोटं पाडणं मदतनिसाला सोपं असतं का? आणि त्यातून तिच्या आळीतल्या मदतनिसाला, माझ्या आळीतल्या सेविकेला? हे मला आज उमगलं, असं नाही. तेव्हाही माहीत होतं. त्याच भरवशावर मी बोलले होते.

गल्ली सुधारली. वरच्या घरांना सुख झालं. मला ग्रामसभेत शाल आणि नारळ मिळाला, आणि मी घेतला. कमलच्या दारात मात्र नळी तुंबायची. पाऊस झाला की झाकण उचकटून काळं पाणी तिच्या उंबऱ्याच्या आत. तिनं खाटेच्या पायांखाली विटा घातल्या, धान्याचे डबे फळीवर चढवले. तिच्या पायांना पावसाळाभर चिखल्या. ओल वर चढत गेली तशी बुद्धाची तसबीर तिनं एक हात वर टांगली, मग आणखी वर.

ती तक्रार घेऊन पंचायतीत गेली, तेव्हा सोबत कोण होतं, माहीत आहे? मी. मी तावातावानं बोलले. हे काय काम झालं का, म्हणाले. गरिबाच्या दारात गावची घाण सोडता, म्हणाले. सरपंच ओशाळला. म्हणाला, "बाई, रेघ तुमच्या हातची हाय, ती कशी चुकंल? वरून कुनीतरी प्लास्टिक टाकतंय." त्यानं माणसं पाठवली. बांबूच्या कामट्या घालून नळी साफ केली. पुढच्या पावसात पुन्हा तेच, मग पुन्हा साफ. पंचायतीनं हयगय केली असं मी म्हणू शकत नाही. त्यांनी सगळं करून पाहिलं, फक्त माझ्या शब्दावर शंका तेवढी घेतली नाही. परत येताना कमल वाटेत म्हणाली, "तुमी व्हता म्हून बोलाया आलं मला." मी तिचा हात दाबला.

असं मी केलं. चार शब्द बोलायचे होते आणि मी ते बोलले नाही. भिंत पाडावी लागली असती, नारळ गेले असते. ते मी सोसलंही असतं कदाचित. पण गावानं म्हटलं असतं — बाईसुद्धा? ते मला सोसवणार नव्हतं.

ह्या पावसाळ्यात कमलला छातीत कफ धरला. नगरहून लेक आली, तिनं घर पाहिलं, एक शब्द न बोलता आईचे कपडे पिशवीत भरले. टेम्पो आणला. नवरा-बायकोनं उपाशीतापाशी राहून बांधलेलं घर ते, कमलनं त्याला कुलूप लावलं आणि ती माझ्याकडे आली. भिंतीला टेकून उभी राहिली, दम लागला होता. भिंतीच्या पायथ्याकडे बघत म्हणाली, "हितंच उभी ऱ्हायचे न्हाई का वं मी? पोरं घ्यायला."

मी काय म्हणाले, सांगू? मी म्हणाले, "चहा घेऊन जा."

तिनं चहा घेतला नाही. टेम्पो थांबला होता. माझा हात धरून तिनं त्यात चावी ठेवली. "पाऊस झाला तर तेवढं पानी काढून टाका, बाई. दुसऱ्या कुनावर भरवसा न्हाई माझा."

परवा परतीचा पाऊस झाला, चांगला दणकून. सकाळी मी चावी घेऊन गेले. आत घोटाभर पाणी, त्यावर तेलकट तवंग. भिंतीवर तीन खिळे, एकावर एक, आणि तसबीर कुठल्याच खिळ्याला नव्हती. ती बरोबर नेली होती. मी लुगडं खोचलं आणि बादली भरून बाहेर ओतायला लागले. ओतलेलं पाणी दारापुढं जमायचं आणि पुन्हा आत यायचं. मी पुन्हा भरायचे, पुन्हा ओतायचे. त्याला जायला वाटच नव्हती. वाट वर होती, माझ्या भिंतीखाली. तिच्या दारात उभं राहिलं की भिंत समोर दिसते.

जमेल तेवढं काढलं. आत्ताचा सरपंच तिकडून चालला होता, थांबून म्हणाला, "बाई, ह्या वयात तुमी कशापायी? मानसं धाडतो की." मी म्हणाले, राहू दे, झालंच.

घरी आले, पाय धुतले, चावी खुंटीला लावली. भिंत आहे तिथं आहे.